नखाएवढी तिजोरी

दिवाळीपूर्वी घर आवरायला काढले की काय हाती लागेल याचा नेम नसतो. यंदा आमच्या फडताळाच्या वरच्या कप्प्यात, जुन्या चष्म्यांच्या घरांमागे, कुंकवाची एक रिकामी डबी सापडली आणि तिच्यात पाच मेमरी कार्डे निघाली. सौ.ने डबी माझ्यापुढे धरली आणि विचारले, "अहो, हे ठेवायचे की टाकायचे?" पाचांपैकी तीन चालू निघाली. चौथे कोणत्याच फोनने ओळखले नाही. पाचवे मी तपासलेच नाही. हातात घेतले, पालथे करून पाहिले आणि पुन्हा डबीत ठेवले. सौ.नेही ते ओळखले होते. ती काही बोलली नाही. झाकण लावून तिने डबी होती तिथे ठेवून दिली.

त्या पाचव्या कार्डाची हकीकत सांगायचीच आहे. पण आधी एक कबुली देतो. सोने घेताना आपण चार पेढ्या हिंडतो, आंबे घेताना पेटीतला तळचा थर उचलून पाहतो, साडेतीनशे रुपयांच्या चादरीचा रंग जाईल का, हे दुकानदाराला तीनदा विचारतो. आणि ज्याच्यात मुलाची पहिली पावले, लेकीची पाठवणी आणि वडिलांचा शेवटचा वाढदिवस ठेवायचा, ते कार्ड मात्र चार्जरची वायर घेता घेता "बरं, एक ते पण द्या" म्हणून उचलतो. इतरांचे मला माहीत नाही. मी तरी तसेच उचलले.

२०२२ सालच्या दिवाळीची गोष्ट. सण आठ दिवसांवर आला होता आणि माझा फोन जागा संपत आल्याची तक्रार दर तासाला करीत होता. खरेदी उरकून घरी परतताना रस्त्याकडेच्या एका मांडणीवर कार्डे दिसली. पाचशे बारा जीबी, किंमत साडेतीनशे रुपये! सौ. म्हणाली, "अहो, इतके स्वस्त कसे?" मी म्हटले, "अगं, या वस्तू अशाच स्वस्त होत जातात, आपल्याला पत्ता नसतो." घासाघीस करून तीनशेला आणले आणि पुढचे दोन दिवस भेटेल त्याला त्याची किंमत सांगत सुटलो. घरी येताच कार्ड फोनमध्ये घातले, फोनवरचे भाचीच्या लग्नाचे सगळे फोटो आणि व्हिडिओ त्यावर हलवले, आणि यापुढे जे टिपायचे ते थेट कार्डावरच जाऊ दे, अशी फोनला आज्ञा दिली. जागा पाचशे बारा दिसत होती. एखाद्या जमीनदारासारखे वाटले.

त्याच आठवड्यात पैठणहून आत्या आली. वय चौऱ्याऐंशी. माझे वडील जाऊन दहा वर्षे झाली तरी भाऊबीजेला माहेरी यायचा तिचा नेम चुकला नव्हता. आत्याला जात्यावरच्या ओव्या येत. किती येत हे तिलाही सांगता आले नसते. पुण्याहून आलेले आमचे चिरंजीव म्हणाले, "आजी, तू म्हण, मी टिपतो." पण आत्या गप्प. शेवटी तिने कारण सांगितले: हात फिरल्याशिवाय ओवी येत नाही. आता सिडकोतल्या तिसऱ्या मजल्यावर जाते कोठून आणायचे? सौ.ने माळ्यावरून पुरणयंत्र काढून तिच्यापुढे ठेवले. आत्याने एकदा आमच्याकडे पाहिले, हसली, आणि रिकाम्या पुरणयंत्राचा दांडा फिरवू लागली. मग जी सुरू झाली ती तीन संध्याकाळी. भावाच्या ओव्या, गोदावरीच्या पुराच्या, सासरच्या, आणि काही आम्ही जन्मात न ऐकलेल्या. एकूण चौदा व्हिडिओ झाले. पहिल्या रात्री एक लावून पाहिला होता, तो चालला. मग कोण कशाला पुन्हा पाहतो!

पुढच्या आषाढात आत्या गेली. तेराव्याला आम्ही पैठणला गेलो. संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर आतेभाऊ माझ्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "दादा, तुझ्याकडे आईच्या ओव्या आहेत ना? लाव."

मी फोन काढला. चौदा चौकटी दिसत होत्या. चौदाही चौकटींत आत्याचा चेहरा, मांडीपुढे पुरणयंत्र. एकीवर बोट ठेवले. फोनने उत्तर दिले की ही फाइल उघडता येत नाही. दुसरीवर ठेवले, तेच. चौदाव्यापर्यंत तेच. भाचीच्या लग्नातले पंगतीचे सात व्हिडिओ मात्र ठणठणीत चालत होते. जिलबी वाढणारासुद्धा स्पष्ट दिसत होता.

पैठण गेटजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात मी ते कार्ड नेले. तिथल्या तरुणाने ते आपल्या यंत्रात घातले, दहा मिनिटे पडद्याकडे पाहत बसला आणि मग आमच्या शहराच्या मिश्र बोलीत म्हणाला, "काका, इसमें लिखा ही नहीं गया, तो निकालूँ कहाँ से?" पुसले गेलेले पुष्कळदा काढता येते, असे त्याने समजावले. फाइल पुसली म्हणजे बहुधा अनुक्रमणिकेतली तिची ओळ जाते, पाने तशीच राहतात. त्यावर दुसरे काही लिहिण्याच्या आत कार्ड बाहेर काढून आणले तर आशा असते. पण माझे प्रकरण निराळे होते. कार्ड मुळात आठ जीबीचे. आतल्या चिपला कोणीतरी खोटे बोलायला शिकवले होते. फोनने विचारले, "जागा किती?" तर तिने सांगायचे, "पाचशे बारा." आठ भरेपर्यंत सारे नीट, त्यापुढे फोन देईल ते "घेतले, घेतले" म्हणत सोडून द्यायचे. नावांची यादी सुरुवातीच्या खऱ्या जागेत राहते, म्हणून नावे दिसतात. चौकटींतले चेहरे दिसले, कारण चित्राचा छोटा नमुना फोन स्वतःजवळ वेगळा ठेवतो. आणि पहिल्या रात्री व्हिडिओ चालला, कारण नुकतेच टिपलेले काही वेळ फोनच्या तात्पुरत्या स्मृतीत असते, तिथूनच त्याने तो दाखवला.

त्या तरुणाने पैसे घेतले नाहीत. मी मात्र त्या दिवसापासून या नखाएवढ्या वस्तूबद्दल मिळेल ते वाचू लागलो. काही कळलेले सांगतो.

लांबी पंधरा मिलिमीटर, रुंदी अकरा, जाडी एक. एवढा या मायक्रो एसडी कार्डाचा विस्तार. हे सॅनडिस्क कंपनीने २००४ साली 'ट्रान्सफ्लॅश' नावाने आणले आणि पुढच्याच वर्षी ते मायक्रो एसडी म्हणून सर्वमान्य झाले. (या कंपनीच्या १९८८ सालच्या तीन संस्थापकांपैकी एक, संजय मेहरोत्रा, हे कानपूरचे.) त्याच्या पोटातली 'फ्लॅश' स्मृती ही तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका या जपानी अभियंत्याची करामत, १९८० नंतरच्या दशकातली. ही स्मृती एका झटक्यात पुसता येते, कॅमेऱ्याचा दिवा चमकावा तशी. म्हणून एका सहकाऱ्याने तिला हे नाव सुचवले, असे सांगतात.

तिचे काम चालते ते असे. चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात, आणि प्रत्येकात विजेचा किंचित भार कोंडून ठेवलेला असतो. भार किती, यावरून आत काय लिहिले ते वाचायचे. सगळ्या भानगडी या 'कोंडून ठेवण्यात' आहेत. पुसताना आणि लिहिताना प्रत्येक वेळी कप्प्याची भिंत जराशी झिजते. ठरावीक वेळांनंतर ती भार धरीनाशी होते. स्वस्ताईसाठी एकाच कप्प्यात तीन-तीन, चार-चार अंक बसवण्याची युक्ती निघाली, तिने जागा वाढली पण झीज सोसण्याची ताकद कमी झाली. वापरले नाही तरी भार वर्षांगणिक थोडाथोडा पाझरतो, आणि उष्णतेने अधिक पाझरतो. आमच्या मराठवाड्याच्या वैशाखात मोटारीच्या काचेमागे फोन किंवा कार्ड ठेवणे म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको. तेव्हा 'कार्डावर घातले, आता पन्नास वर्षे बिनघोर' असे कोणी समजत असेल तर ते चूक आहे. पितळी डब्यातल्या कागदाला वाळवी लागते, ती दिसते तरी; हिला लागलेली दिसत नाही.

मग कार्डे इतके दिवस टिकतात तरी कशी? तर आत एक छोटा नियंत्रक बसलेला असतो. तो झिजलेले कप्पे टाळतो, काम सगळ्या कप्प्यांत वाटून देतो, आणि वाचताना चुकलेले अंक हिशेबाने दुरुस्त करतो. आमच्या पैठणच्या एकनाथमहाराजांनी नकलकारांच्या हातून ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ शके १५०६ मध्ये शोधून पोथी शुद्ध केली, तसले काम हा नियंत्रक प्रत्येक वाचनाला करीत असतो. चांगल्या आणि वाईट कार्डातला मोठा फरक याच्यात असतो, आणि तो वेष्टनावर छापलेला नसतो. म्हणूनच कार्ड घेताना वस्तूइतकीच विकणाऱ्याची पारख करावी लागते.

वेष्टनावर जे छापलेले असते त्याच्याकडे आता वळू. पण त्याआधी आपला फोन पाहा. अलीकडच्या पुष्कळ फोनांत कार्डाची खोबणच ठेवलेली नसते. काहींत असते, पण दुसऱ्या सिमच्या जागेवर. म्हणजे एकतर दोन सिमे, नाहीतर एक सिम आणि कार्ड. आमच्या शेजाऱ्यांनी कार्ड आणले, उत्साहाने आत घातले, आणि बँकेचे निरोप येतात ते सिम काढून टेबलावर ठेवले. दोन दिवस बँक गप्प का, म्हणून ते चिंतेत होते. आणि फोन किती मोठे कार्ड मानतो, तेही त्याच्या माहितीपत्रकात पाहावे. कार्डावर एचसी अशी अक्षरे असतील तर ते बत्तीस जीबीपर्यंतचे. एक्ससी असेल तर त्याहून मोठे, दोन टीबीपर्यंतचे. घरातला जुना फोन बत्तीसवर अडला असेल तर त्याला मोठे घालून उपयोग नाही.

घरी आल्यावर चौसष्ट जीबीच्या कार्डात फोनने एकोणसाठ-साठच दाखवले तर दुकानदाराशी भांडू नका. ही फसवणूक नव्हे. कंपनी हजाराच्या पटीने मोजते, फोन एक हजार चोवीसच्या. (काही फोन हल्ली कंपनीच्याच मापाने मोजतात, ते भाग वेगळा.) आत्या असती तर तिला हे एका वाक्यात कळले असते. तिच्या लहानपणी आणि ऐन तरुणपणी इकडे निजामाचा 'हाली' रुपया चाले आणि इंग्रजी रुपयाला 'कलदार' म्हणत. साधारण सात हालीला सहा कलदार. १९५९ साली हाली नाणे बंद झाले. कोणी रक्कम सांगितली की ती पुढे बराच काळ पहिला प्रश्न विचारी, "हाली की कलदार?" चौसष्ट हे हाली समजा, एकोणसाठ हे कलदार. पण पाचशे बाराचे आठ होतात, तेव्हा तो नाण्यातला फरक नसतो.

वेष्टनावर सर्वांत मोठ्या अक्षरांत वेग छापतात: 'सेकंदाला शंभर एमबीपर्यंत' किंवा असेच काही. यातला 'पर्यंत' लहान असतो, आणि हा वेग बहुधा वाचण्याचा असतो. आपल्याला लागतो तो लिहिण्याचा, तोही कमीत कमी किती याचा. त्यासाठी कार्डावरच्या बारीक खुणा पाहा. इंग्रजी सी अक्षराच्या पोटात १० असेल तर सेकंदाला किमान दहा एमबी लिहिले जाईल. यू अक्षरात १ असेल तर तेवढेच, ३ असेल तर तीस. व्ही ३० म्हणजेही तीस. फोटो आणि साधे एचडी व्हिडिओ काढणाऱ्या घराला यू १ पुरते. फोरके नावाचे भारी चित्रण करायचे असेल तर यू ३ किंवा व्ही ३० घ्या, नाहीतर चित्रण मध्येच अडखळते. ए १, ए २ या खुणा फोनमधली अ‍ॅप कार्डावर चालवणाऱ्यांसाठी आहेत. ए १ असले तर चांगलेच, पण ए २ चा पुरा लाभ त्याला साथ देणाऱ्या यंत्रातच मिळतो. त्यापायी जादा पैसे मोजायला मी तरी कोणाला सांगणार नाही.

किती मोठे घ्यावे? माझे मत विचाराल तर चौसष्ट, फार तर एकशे अठ्ठावीस. फोनवरचे साधे एचडी चित्रण मिनिटाला साधारण सव्वाशे ते दीडशे एमबी खाते. म्हणजे चौसष्ट जीबीत सहा-सात तास सहज मावतात, आणि फोटो तर दहा हजारांहून अधिक. पाचशे बाराच्या एका कार्डात सारा संसार ठेवण्यापेक्षा चौसष्टची दोन कार्डे बरी. एक फोनात, एक कपाटात.

खरेदी पावती देणाऱ्या दुकानातूनच करावी. नावाजलेल्या कंपन्या कार्डावर काही वर्षांची हमी देतात, ती पावतीशिवाय मागता येत नाही. घरबसल्या मागवायचे तर संकेतस्थळ मोठे आहे एवढे पुरत नाही. माल प्रत्यक्षात कोण विक्रेता पाठवणार त्याचे नाव पाहावे. छपाई फिकट, अक्षरांत चूक, किंवा किंमत इतरांच्या चौथाईत असेल तर हात आखडता घ्यावा. मला तिन्ही खुणा दिसत होत्या. सौ.ने तर तिसरी बोलूनही दाखवली होती.

आणि आणल्याबरोबर तपासावे, परत करण्याची मुदत संपायच्या आत. संगणक असेल तर याची फुकट साधने आहेत. 'एच टू टेस्ट डब्ल्यू' हे जर्मनीत तयार झालेले, 'एफ थ्री' हे दुसरे. ही साधने कार्ड काठोकाठ भरतात आणि भरलेले परत वाचून ताडून पाहतात. मोठ्या कार्डाला काही तास लागतात; रात्री लावून झोपावे. संगणक नसेल तर मोठ्या चित्रपटांच्या फाइली भरून कार्ड पूर्ण करावे, ते फोनातून काढून, फोन बंद-चालू करून पुन्हा घालावे, आणि शेवटी भरलेल्या फाइली मधूनमधून उघडून पाहाव्या. मी हे केले असते तर वसुबारसेच्या आतच सगळे कळले असते.

कार्ड घालताना अँड्रॉइड फोन कधी कधी विचारतो, याला फोनचाच भाग करू की वेगळे राहू देऊ? २०१५ पासून ही सोय आली. फोनचा भाग केलेत तर कार्डावरचे सारे कुलूपबंद होते आणि किल्ली फक्त त्या फोनापाशी राहते. फोन पाण्यात पडला तर कार्ड शाबूत असूनही दुसरीकडे वाचता येत नाही. घरच्या फोटोंसाठी 'वेगळे' हेच उत्तर द्या. काढताना आधी फोनच्या सेटिंगमधून कार्ड सोडवा, मग पिनेने खोबण उघडा. व्हिडिओ लिहिला जात असताना कार्ड उपसणे म्हणजे कारकुनाच्या हातातली वही ओळीच्या मध्यावर ओढणे.

खोबण नसलेल्या फोनवाल्यांनी हा लेख मिटवू नये. त्यांच्यासाठी फोनला थेट जोडता येणारे पेनड्राइव्ह मिळतात, आणि आंतरजालावरच्या जागेचाही पर्याय आहे. गुगलने फोटोंसाठीची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद केली. पंधरा जीबी फुकट आहे, तीही टपाल आणि कागदपत्रे यांच्यासह मिळून. माझा आक्षेप पैशांना नाही. दर महिन्याला भाडे भरावे लागते त्या जागेत एकमेव प्रत ठेवायला माझे मन धजत नाही, इतकेच.

एकमेव प्रतीबद्दल आमच्या जिल्ह्याइतका दाखला दुसरीकडे क्वचित मिळेल. अजिंठ्याची लेणी १८१९ साली इंग्रजांच्या नजरेस पडली. भिंतींवरची चित्रे ढासळत होती, म्हणून मद्रास सैन्यातला रॉबर्ट गिल हा अधिकारी १८४४ साली त्यांच्या नकला करायला नेमला गेला. अजिंठा गावात राहून या माणसाने कितीतरी वर्षे मोठमोठे कॅनव्हास रंगवले. त्याच्या आणि पारोच्या गोष्टीवर ना. धों. महानोरांनी काव्य लिहिले, पुढे चित्रपटही निघाला, तेव्हा ती आपल्याला ठाऊक आहे. चित्रांचे काय झाले ते फारसे कोणी सांगत नाही. ती लंडनला गेली, तिथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली, आणि डिसेंबर १८६६ मध्ये त्या इमारतीला आग लागली तेव्हा जळाली. प्रदर्शनात नसलेली मोजकी तेवढी वाचली. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले आणि पुन्हा पहिल्यापासून नकला सुरू झाल्या. ते काम १८८५ पर्यंत चालले. त्याही लंडनला गेल्या, आणि त्याच १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या वस्तुसंग्रहालयात आग लागून त्यांतल्याही कित्येक गेल्या. दोन वेळा, एकाच तऱ्हेने! निदान तिथे मूळ भिंत शिल्लक होती. आत्याच्या ओव्यांना भिंत आत्याचीच होती.

गिलची ही हकीकत मी वाचली तेव्हा ती मोजकी वाचलेली चित्रे माझ्या डोक्यातून जाईनात. मी घरातल्या प्रत्येकाला विचारत सुटलो: त्या तीन दिवसांत आणखी कोणी काही टिपले होते का? चिरंजीवांच्या फोनात काही नव्हते. ते माझ्याच फोनावर टिपत होते. धाकट्या मुलीला बराच वेळ काही आठवेना. मग म्हणाली, "बाबा, पुरणयंत्राची गंमत म्हणून मी एक छोटा व्हिडिओ नाशिकच्या मैत्रिणीला पाठवला होता. माझ्याकडचा मी पुसला." नाशिकच्या मैत्रिणीला फोन गेला. ती म्हणाली, पाहते. त्या संध्याकाळी आमच्या घरी टीव्ही लागला नाही. रात्री नऊ वाजता व्हिडिओ आला. एक मिनिट चाळीस सेकंद. पाठवताना दाबून लहान झालेला, त्यामुळे चेहरा जरा पुसट. पण आवाज चांगला.

दुसऱ्या दिवशी औरंगपुऱ्यातल्या पावती देणाऱ्या दुकानातून मी चौसष्ट जीबीची दोन कार्डे आणली. दुकानदार म्हणाला, "काका, एका छोट्या व्हिडिओसाठी एवढी?" दोन्ही रात्रभर तपासली. दोन्हींवर व्हिडिओ उतरवला, संगणकावर तिसरी प्रत ठेवली, आणि एक कार्ड छोट्या पाकिटात घालून वर आत्याचे नाव आणि दिवाळीची तारीख लिहिली. रविवारी पैठणची एस.टी. धरली.

आतेभाऊ ओसरीवर होता. त्याने कार्ड आपल्या फोनात घातले आणि फोन कानाशी धरला, जणू कोणाचा फोनच आला आहे. आधी पुरणयंत्राची करकर ऐकू आली, मग आत्याची ओवी, भावाची. तिसऱ्या ओळीला ती मध्येच थांबते आणि माझ्या मुलीला विचारते, "अगं, तू काय करतेस तिथं? ये, बस की इथं." मग पुन्हा दांडा फिरू लागतो. आतेभावाने शेवटपर्यंत ऐकले, आणि पहिल्यापासून पुन्हा लावले.